एक दिवसाआड

मिलिंद, मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू असतास तर हे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरकलं असतं. तू "बरं बाई" म्हणून गॅरेजकडे सटकला असतास आणि मी पोळ्या लाटता लाटता एकटीच बोलत राहिले असते. आता तू नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे.

तू गेल्यावर हॉलमध्ये बुद्धवंदना झाली तेव्हा फ्रिस्कोतले आपले सगळे आले होते. तू किती शांत, किती मदतीला धावणारा, कुणाचं घर हलवायचं असेल तर सगळ्यांत आधी हजर, असं एकेकाने उठून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. तुझं शिक्षण, तुझ्या नोकऱ्या, सगळं सांगून झालं. मी मान डोलावत बसले होते. तोवर मी गॅरेज उघडलं नव्हतं.

नवव्या दिवशी उघडलं. उघडावंच लागलं, कारण आत रायफल आणि काडतुसं होती आणि ती ठेवायची मुभा फक्त तुला होती. काय काय आहे ते बघत होते, तर तांदळाच्या बादल्यांमागे एक पांढरा डबा सापडला. झाकणावर तुझ्या टपोऱ्या अक्षरात 'औषधं'. मला वाटलं, बँडेज असेल, तापाचं काहीतरी असेल. आत तुझ्या हृदयाच्या औषधाच्या पाच बाटल्या होत्या. स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून ज्याबद्दल बजावलं होतं की हे रोज घ्यायचं, एकही दिवस चुकवायचं नाही, तेच औषध. प्रत्येक बाटलीत पंधरा गोळ्या. महिन्याला तीस मिळायच्या, त्यातल्या पंधरा तू घेतल्यास आणि पंधरा साठवल्यास. मला खात्री करून घ्यायची होती म्हणून तुझी काडतुसांची वही उघडली. शेवटच्या पानांवर तारखा होत्या. एका तारखेपुढे टिक, पुढची मोकळी, पुन्हा टिक, पुन्हा मोकळी. डिसेंबरपासून तू गेलास त्या आठवड्यापर्यंत असंच. एक दिवसाआड.

मी तिथेच काँक्रीटवर बसले. ड्रायरची शिट्टी वाजून गेली, फोन वाजून गेला, मी उठले नाही.

हे मैत्रीला माहीत नव्हतं. आपली पंधरा वर्षांची पोर समजत होती की छाती दाबताना तिचे हात चुकले म्हणून तिचा बाबा गेला. आणि डिसेंबरमध्ये आपल्या दोघांत काय झालं ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते तिला सांगायचं की गिळून टाकायचं, हा एकच प्रश्न घेऊन मी पुढचे दोन आठवडे या घरात फिरत होते. सांगितलं तर तिचे हात सुटतात, पण आई जाते. नाही सांगितलं तर आई राहते आणि पोर आतल्या आत संपते. सांग, अशा वेळी काय करतात? घरातल्या प्रत्येक संकटाची तुझ्याकडे यादी होती, त्यात हे संकट नव्हतं.

सुरुवातीपासून भांडते. सुरुवात त्या थंडीत झाली. मैत्री लहान होती. चार दिवस वीज गेली, नळ गोठले, टेक्सासमध्ये असं काही होईल हे ना घर बांधणाऱ्याला माहीत होतं ना आपल्याला. तू दुकानात गेलास आणि दोन तासांनी लोणच्याची एक बाटली आणि कुत्र्याची बिस्किटं घेऊन आलास. आपल्याकडे कुत्रा नाही. "बाकी काहीच नव्हतं गं," म्हणालास, आणि मी इतकी हसले की मैत्री घाबरली. तू मात्र हसला नाहीस. कपाट उघडून त्या बिस्किटांच्या पाकिटाला नीट जागा करत होतास.

तुझ्या लहानपणी नागपूरला तुमच्या वस्तीत एक दिवसाआड पाणी यायचं, हे तू मला लग्नाआधीच सांगितलं होतंस. पाणी आलं की घरात जे जे भरता येईल ते भरायचं, पितळी गुंड, बादल्या, कढया, तुझा शाळेचा डबासुद्धा. आणि आज भरलेल्याला हात लावायचा नाही, आधी परवाचं संपवायचं, अशी आईंची शिस्त. अर्धं वापरायचं, अर्धं राखायचं. ते तुझ्या अंगात इतकं मुरलं होतं की नळाला चोवीस तास पाणी असलेल्या देशात वीस वर्षं राहूनही तू बाटली अर्धीच प्यायचास.

थंडी ओसरली आणि गॅरेजमध्ये झाकणाच्या बादल्या आल्या. तांदूळ, तूरडाळ, मीठ, साखर, पाण्याची निळी पिंपं. नियम एकच, नवीन आलेलं बादलीत, जुनं ताटात. त्यामुळे गेली कित्येक वर्षं या घरात ताजी डाळ शिजलेली नाही. दोन वर्षांची तूरडाळ सात शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली येते, हे मी तुला किती वेळा सांगितलं. "सोडा टाक ना थोडा," म्हणायचास आणि कचकच चावत मिटक्या मारायचास. मी चिडायचे. आज ताजी डाळ आणून शिजवायला मला कुणाची परवानगी लागत नाही, आणि माझ्याने ती आणवत नाही.

मग रायफल आली. व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक ठेवायची तर शिकारीचा परवाना असला की चालतं, हे तू कुठून तरी शोधून काढलंस. दर वर्षी न चुकता शिकारीचा परवाना काढायचास, आणि आयुष्यात तू चिमणीवर खडा मारला नव्हतास.

"पंचशील म्हणतोस ना रोज? पहिलं शील काय आहे?" मी विचारायचे.

"मी कागदावर मारतो. कागदाला जीव नसतो."

"मग कागदासाठी एवढी काडतुसं काहून पाहिजे तुला?"

यावर तू चष्मा पुसायला घ्यायचास. हे भांडण अर्धंच राहिलं, आणि मला अजूनही वाटतं की त्यात मी बरोबर होते. तू नक्की कुणाला घाबरत होतास? किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये आपल्याला "परत जा" म्हणाला त्या माणसाला, गोठलेल्या नळाला, की सोमवारी सकाळी येणाऱ्या एचआरच्या ईमेलला? मी कधी नीट विचारलंच नाही. मला टोमणे मारायला जास्त सोपं जायचं.

दुकानांत काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा रेने तुला ती घरी भरायला शिकवलं. रे, तुझा नेमबाजीच्या रेंजवरचा सत्तरीचा मित्र, निवृत्त प्लंबर, ज्याला मी सुरुवातीला घरातसुद्धा घेत नव्हते. झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी तू रेंजवरून वेचून आणायचास, भुजियाच्या रिकाम्या डब्यांत. मक्याच्या भुशात घोळवून ती चकचकीत करायचास. बाकावर हँडलचं यंत्र, शेजारी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा. बंदुकीची दारू मोजायची, हँडल खाली, खट्, पुढचं. शनिवारी दुपारी तो खट् खट् आवाज घरभर यायचा आणि मैत्री हेडफोन लावून बसायची.

एकदा तिच्या वाढदिवसाला पुरण शिजलं आणि माझी चाळण सापडेना. तू गॅरेजमध्ये त्याच चाळणीतून भुसा आणि नळकांडी वेगळी करत होतास.

"अगं, धुऊन देतो ना."

"शिसं असतं त्याला, शिसं. पोरीच्या पोटात घालतोस का आता?"

तुझा चेहरा असा उतरला की मला पुढे बोलवेना. दुसऱ्या दिवशी दोन नव्या चाळण्या आणल्यास, एक माझी, एक तुझी, आणि पुन्हा कधी माझ्या भांड्यांना हात लावला नाहीस. चूक दाखवली की ती तू पुन्हा करायचा नाहीस. तुझ्याबरोबर राहायला म्हणूनच मला आवडायचं, हे मी तुला सांगितलं का कधी? बहुतेक नाही.

आणि काटेकोर तर असा की बघवत नसे. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद. दारूचा कण इकडेतिकडे झाल्याची शंका आली तरी ते काडतूस बाजूला. "हा माझ्याकडे कामाला असता तर माझी एकही नळी गळली नसती," रे म्हणायचा. असा माणूस स्वतःच्या औषधाचं माप अर्धं करतो, हे मी कुणाला आणि कसं समजावून सांगू?

आता डिसेंबर. इथवर आले आहे तर लिहितेच.

त्या दिवशी तुझ्या टीममधले चौघे एकाच सकाळी कमी झाले. नोकरी गेली की देश सोडायला व्हिसाचे साठ दिवस, आणि इन्शुरन्स त्याच्याही आधी जायचा. माझा व्हिसा माझा असला तरी माझं काम कंत्राटी, तिघांचा इन्शुरन्स तुझ्याच कंपनीचा. मी दिवसभर धास्तावून बसले होते, आणि संध्याकाळी तू काडतुसांच्या बुडाला लागतात त्या प्रायमरचं मोठं खोकं काखेत मारून आलास.

"काय करून राहिला तू, मिलिंद? चार जणं गेले आज, अन तू हे घेऊन आला?"

"उद्या मिळणार नाही."

"तांदूळ दोन वर्षांचा भरला. काडतुसं हजार भरली. अन ज्याच्यावर तू जिवंत आहे ते औषध महिन्याचं. उद्या जॉब गेला, इन्शुरन्स गेला, तर काय काडतुसं खाशील? अक्कल असेल तर ते साठव आधी."

तू खोकं घेऊन तसाच उभा राहिलास. मग म्हणालास, "तुझं बरोबर आहे."

एकोणीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी तुझ्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला. जिंकले होते ना मी.

मला काय म्हणायचं होतं? डॉक्टरांना विचार, तीन महिन्यांचं लिहून घे, नाहीच तर आईंना सांगून नागपूरहून मागवू. यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. एवढं तुला कळेल असं धरून चालले. आणि तू तुमच्या वस्तीतल्या नळाच्या हिशेबाने चाललास. आयुष्यात एकदा तू माझं ऐकलंस, मिलिंद, एकदाच, आणि ते हे.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. रोज सकाळी चहाबरोबर तू माझ्यासमोर औषध घ्यायचास. बीपीचं रोज, हे हृदयाचं एक दिवसाआड. मी फक्त तुझा हात तोंडाकडे जाताना पाहिला आणि लॅपटॉप उघडला. पाच महिने. डॉक्टरांना फोन करून विचारलं की यामुळेच गेला का तो. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, रोज घेतलं असतं तरी झालं असतं कदाचित, पण धोका वाढला हे खरं. त्या 'कदाचित'ला धरून मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी त्याच्यावरचाही विश्वास उडाला.

तू पडलास त्या शनिवारी मी किराणा आणायला गेले होते. मैत्री घरी होती. तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि शाळेत शिकवलं होतं तसं अँब्युलन्स येईपर्यंत तुझी छाती दाबत राहिली. तू थांबलास, ती थांबली नाही. हॉस्पिटलमध्ये मला बघितल्यावर पहिलं वाक्य तिने काय म्हटलं असेल? "आई, डिड आय डू इट राँग?" अँब्युलन्समधल्या बाईने तिचे खांदे धरून सांगितलं की तू अगदी बरोबर केलंस. तिने मान हलवली आणि विश्वास ठेवला नाही. नंतर एका दुपारी तिच्या खोलीचं दार उघडं होतं. व्हिडिओ लावून ती उशी जमिनीवर ठेवून दाबत होती. थांबायची, व्हिडिओ मागे घ्यायची, पुन्हा दाबायची. मनगटं सुजली होती पोरीची. मी दारातून मागे फिरले. तो डबा तेव्हा मला सापडलेला होता, आणि तरी मी मागे फिरले. हे तुला सांगायलाच हवं.

गेल्या आठवड्यात रे आला. रायफल त्याने आधीच बंदुकांच्या दुकानदाराकडे जमा करून दिली होती. मला वाटलं, भरलेली काडतुसं तो स्वतःला घेऊन जाईल, तुझ्या हातची म्हणून. त्याने मान हलवली. म्हणाला, दुसऱ्याने भरलेलं काडतूस कधी झाडायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

"पण तो किती काळजीने भरायचा. प्रत्येक खोक्यावर लिहिलं आहे."

"माहीत आहे. तरी नाही. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच माहीत. तो असेपर्यंत त्याला विचारता येतं. तो गेला की सगळी सोडवायची."

मग तो तुझ्या बाकावर बसला आणि हातोडीसारख्या एका अवजाराने एकेक काडतूस सोडवू लागला. ठोका, शिसं एका डब्यात, पितळ दुसऱ्यात, दारू वाटीत. एवढ्या वर्षांचं तुझं काम तो सोडवत होता आणि मध्येच चष्मा काढून डोळे पुसत होता. दारू त्याने मागच्या गवतावर पातळ पसरली, खत होतं म्हणे. मी त्याच्यासाठी चहा केला. तुझी बायको कधी काळी या माणसाला दारात उभं करत नव्हती, हे तो विसरला असावा किंवा चांगला असावा.

तो निघून गेल्यावर मी मैत्रीला गॅरेजमध्ये बोलावलं. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच माहीत, हे त्याचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. डिसेंबरात काय होतं ते सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. मी पांढरा डबा तिच्यासमोर ठेवला.

"बाबा हे रोज घेत नव्हता. एक दिवसाआड घ्यायचा. बाकीचं साठवायचा."

तिने बाटल्या उचलल्या, लेबलं वाचली, तुझी वही चाळली. "व्हाय? व्हाय वुड ही डू दॅट?"

इथे थांबता आलं असतं, मिलिंद. बाबा घाबरला होता, एवढं म्हणून थांबता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. मी थांबले नाही. चौघांची नोकरी गेली ती सकाळ, प्रायमरचं खोकं, 'काय काडतुसं खाशील', सगळं सांगितलं. रश्शाचंही सांगितलं. माझा आवाज कुणा दुसऱ्या बाईचा वाटत होता.

तिने वही मिटून बाटल्यांशेजारी ठेवली. मग मराठीत म्हणाली. मी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी आपली पोर मराठीत म्हणाली, "मग माझे हात बरोबर होते?"

"बरोबर होते."

"आई, खरं सांग."

"खरं सांगते. तू सगळं बरोबर केलंस. तू नसतीस तर त्याच्याजवळ कुणीच नसतं."

तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. तांदळाच्या बादलीवर डोकं टेकून, अंग गदगदा हलत होतं. मी पाठीवर हात ठेवला. तिने तो उचलून बाजूला केला. झटकला नाही, नुसता उचलून बाजूला ठेवला.

"नॉट यू," म्हणाली. "नॉट नाऊ."

आज चौथा दिवस. ती माझ्याशी बोलत नाही. शाळेत जाते, येते, ताट घेऊन खोलीत जाते. पण झोपते. सकाळी हाक मारायला गेले तर खरंच गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, तुझ्यासारखी. तिने माझा राग करावा. तो मला पेलेल की नाही माहीत नाही, पण ते दुसरं ओझं तिला पेललं नसतं, एवढं मला माहीत आहे. तू असतास तर आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून काहीतरी वेंधळं बोलला असतास आणि आम्ही दोघी तुझ्यावर उलटलो असतो, आणि सगळं मिटलं असतं. मला आता कुणावर उलटता येत नाही. या घरात दोन वर्षांचा तांदूळ आहे आणि माझा धीर संध्याकाळपर्यंतसुद्धा पुरत नाही.

तुझी माफी मागू की तुझ्यावर ओरडू, ते ठरत नाही. माझ्या एका टोमण्यावर कुणी एवढा विश्वास ठेवतं का? त्या संध्याकाळी मी तुला एवढंच सांगत होते की तू मेलास तर मी काय करू, मला तू हवा आहेस. माझ्या माहेरी असं कुणी कुणाला बोलायचं नाही, म्हणून मी ते अक्कल काढून बोलले. तू अक्कल तेवढी ऐकलीस. तुझी तरी काय चूक, मी दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

आज सकाळी मैत्री बॅग घेऊन निघाली. मी दाराशी गेले. डबा घेतलास का, जॅकेट कुठे आहे, उशीर होतोय, हे सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "मैत्री, मला तू हवी आहेस." ती वळली नाही. पायरीवर क्षणभर थांबली, मग दार लावून घेतलं, हळूच.